रिबकाच्या तीन बरण्या

फार जुनी नाही आणि फार नवीही नाही, अशी एक तेलीण होती. नाव रिबका. खाडीकाठी तिचं घर. नवरा हसाजी घाणा चालवायचा, शनिवारी बंद ठेवायचा. आपल्या यहुद्यांतलीच माणसं, बरं का.

पेसाह म्हणजे आपण गुलामीतून सुटलो त्याचा सण, त्या सणाला आपण आंबटाची बरणी झाकून ठेवतो. आठ दिवस हात लावायचा नाही. एका वर्षी रिबका बरणी झाकत होती, तर दारात पांढऱ्या घोड्यावरून एक म्हातारा आला. तिने त्याला पाणी दिलं. तो होता आपला एलियाहू नबी. तो म्हणाला, "बाई, झाकण्याआधी या बरणीच्या तोंडात जे बोलशील, ते झाकलं जाईल. घरातल्या सगळ्यांच्या मनातून जाईल." एवढं बोलून गेला. मोठी माणसं अर्धंच सांगतात आणि निस्तरायचं आपण.

मग रिबकाने काय केलं? नणंदेने भरल्या पंगतीत तिला वांझ म्हटलं होतं, पोर होण्याआधी. ते बरणीत बोलली आणि झाकण बसवलं. झालं, गेलं. सण सरला तरी ती बरणी उघडली नाही. फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या वर्षी घाण्याचा बैल मेला. हसाजी जेवेना. तिने नवी बरणी घेतली, बैलाचं दुःख आत बोलली. हसाजी जेवायला लागला.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्यांची लेक गेली. एकुलती एक. तापाने गेली. दिना, आता असं कर, जरा जवळ सरक.

रिबकाने सगळा हिवाळा रडून काढला. मग पेसाह आला. सकाळी तिने तिसरी बरणी घेतली, लेकीचं नाव आत बोलली आणि फडकं बांधलं. दुपारी ती गाणं म्हणत घर झाडत होती.

संध्याकाळी पानं मांडली. दरवर्षीसारखी शेजारची गोमती कोळीण आली. ती परक्या घरातली, तिच्या मनातून काही गेलं नव्हतं. हसाजी पोथी वाचू लागला. वाचता वाचता थांबला.

"इथे कुणीतरी विचारायचं असतं," तो म्हणाला. "आजची रात्र वेगळी का. घरातलं धाकटं विचारतं."



गोमती म्हणाली, "मिल्का इचारायची ना."

"कोण मिल्का?" रिबकाने विचारलं. अगदी सहज विचारलं.

गोमतीचा हात ताटातच राहिला. "तुजी लेक गो. तुला ताप आलेला तवा मी तिला अंगावर पाजलीय."

"मला लेक नाही," रिबका म्हणाली. पण पानं मांडताना तिने सवयीने एक लहान ताटली मांडली होती. कुणासाठी, ते तिला सांगता येईना. ती त्या ताटलीकडे बघत राहिली. मग उठली आणि फळीपाशी गेली.

"सण आहे," हसाजी म्हणाला. "आंबट उघडू नको. घर बाटेल."

तिने ऐकलं नाही. कुठल्या बरणीत काय, हे तरी कुठे आठवत होतं? पहिली उघडली, नणंदेचं बोलणं आलं. दुसरी उघडली, बैल आला. हसाजीने तोंड फिरवलं. मग तिने तिसरीचं फडकं सोडलं.

रिबका खाली बसली. हसाजीने पोथी मिटली आणि तोही रडला. घरभर आंबट वास सुटला. गोमती दोघांच्या मध्ये बसून राहिली. 

मग रिबकानेच प्रश्न विचारला. मिल्काच्या जागी बसून. हसाजीने पोथी उघडून उत्तर वाचलं, आपण गुलाम होतो म्हणून. रीतीप्रमाणे सगळ्यांनी गुलामीच्या आठवणीचा कडू पाला खाल्ला.

पुढे ती सुखी झाली का? झाली म्हणतात. मला नाही तसं वाटत. पोर गेलेली बाई जेवते, हसते, सण करते. त्याला लोक सुखी म्हणतात, म्हणू देत.

दिना, झोपलीस का गं? तुझा काका गेल्या वर्षी याच सणाला आपल्यात होता. त्याचं नाव काढलं की तुझी आई उठून जाते, तरी उद्या आपण काढायचं. आणि घरात तू धाकटी, प्रश्न तू विचारायचा. चुकलीस तरी चालेल, रडलीस तरी चालेल. गप्प तेवढी बसू नकोस. चल, मीट डोळे.