खांद्याला लोणी, आस कोरडा

फार पूर्वी, रस्ते होते पण त्यांना नावं नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका राज्यात राजाचं एक वंगणघर होतं. प्रत्येक बैलगाडीच्या चाकांना वंगण घालायचं ते तिथंच, असा रिवाज होता. चाक ज्या लोखंडी दांड्यावर फिरतं, तो आस. आसाच्या टोकाला खीळ. वंगण घालून झालं की वंगणघराचे लोक त्या खिळीवर लाखेची मोहर उमटवत. ती मोहर कुणी फोडली, तर त्याच्या गाडीला वंगणघर पुन्हा कधीही हात लावत नसे. चाक मोडलं तरी नाही.

म्हणून कुणी फोडत नसे. हळूहळू मोहरेच्या आत काय असतं, हेही लोक विसरले.

त्या राज्यातल्या एका गावात राही नावाची मुलगी होती. आईवडील गेल्यावर एक छोटी गाडी आणि एक बैल, एवढंच तिच्याकडे उरलं. खाणीतून चुनखडी भरायची आणि भट्टीवर पोचवायची, हे तिचं काम. बैलाचं नाव खैऱ्या. त्याला बोलता येत असे, पण विचारल्याशिवाय तो बोलत नसे.

एका वर्षी चाकं करकरू लागली. गाडी जड झाली. खैऱ्याचा खांदा आधी सुजला, मग सोलवटला. राही वंगणघरी गेली, तर दारापासून ओढ्यापर्यंत गाड्यांची रांग.

"सण झाल्यावर ये," दारावरचा माणूस म्हणाला.

सण बैलांचाच होता. आदल्या संध्याकाळी गावानं रिवाजाप्रमाणे बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळले. राहीच्या काकांनी खैऱ्याचा खांदा मळला, अगदी हलक्या हातानं. "फार राबलास रे बाबा," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

काका गेल्यावर राहीनं विचारलं, "बरं वाटतंय का रे?"

"वाटतंय की," खैऱ्या म्हणाला. "पण राही, चाक फिरत नाही म्हणून मला ओढावं लागतं, आणि ओढावं लागतं म्हणून खांदा सोलवटतो. लोणी खांद्याला लावता आणि आस कोरडा ठेवता. सणानंतर पुन्हा जुंपलंस, की हा खांदा कायमचा गेला समज."

खांदा गेलेल्या बैलाला त्या गावात कुणी दारात ठेवत नसे. राही तशीच उठून काकांकडे गेली.

"काका, मी मोहर फोडतेय."

"खुळी की काय तू? आपल्या आजोबांनीसुद्धा कधी आत बघितलं नाही!"

"म्हणूनच म्हणते, आता कुणीतरी बघायला हवं."

"आणि उद्या चाक मोडलं तर? वंगणघर दारात उभं करणार नाही."

"खैऱ्या मोडला तर वंगणघर दुरुस्त करून देणार आहे का?"

काका मान हलवत आत निघून गेले. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि आपल्या भीतीला अनुभव म्हणायची त्यांना सवय लागली होती.

सणाच्या दिवशी राहीनं अंगणात दगडानं मोहर फोडली. आसाखाली ओंडका लावला, खीळ ठोकून काढली, चाक ओढून बाजूला केलं. आत काळाकुट्ट चिकटा होता. त्याच्यावरच तिनं भरपूर एरंडेल ओतलं, चाक परत बसवलं आणि गाडी स्वतःच ओढून पाहिली. करकर दुप्पट झाली.

पारावरची मंडळी खो खो हसली. "राहीबाई, आता गाडीच डोक्यावर घ्या आणि जा भट्टीवर!"

राहीला रडू फुटायचंच बाकी होतं. "माझं काय चुकलं रे?" तिनं खैऱ्याला विचारलं.

"जुनं काढलंस का?"

"जुनं कशाला काढायचं?"

"त्यात चुनखडीची कच आहे. वरून तेल ओतलंस, तर कच नुसती भिजते. घासायचं काही थांबत नाही."

"तुला कसं ठाऊक?"

"एकेक खडा मला खांद्यात कळतो, बाई."

राहीनं पुन्हा चाक काढलं. काळे गोळे खरवडले. लोखंड चमकेपर्यंत चिंध्यांनी पुसलं. मग तागाचे धागे एरंडेलात भिजवून आसाभोवती गुंडाळले. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले. तिनं एका हातानं गाडी ढकलली. गाडी निघाली, आवाज न करता. पारावरचं हसूही थांबलं.

खांदा भरून येईपर्यंत राही थोडा थोडा माल भरून स्वतःच गाडी ओढत होती, आणि खैऱ्या शेजारून मोकळा चालत होता. लोकांना तेही विचित्रच वाटलं. पण खांदा भरला.

एका सकाळी काका आपली गाडी घेऊन अंगणात आले. चुकलो वगैरे काही म्हणाले नाहीत. नुसतं विचारलं, "आधी कुठलं चाक काढायचं गं?"

"कुठलंही काढा," राही ओंडका धरत म्हणाली. "पण जुनं पुरतं खरवडा."

त्या वर्षी गावात बऱ्याच मोहरा फुटल्या. वंगणघरानं त्या गावाचं नाव टाकलं. गावानं ते फारसं मनाला लावून घेतलं नाही, कारण त्यानंतर तिथल्या एकाही बैलाचा खांदा गेला नाही.

बोध : ज्याच्यावर आपला भार आहे त्याला नुसती माया देऊन भागत नाही, त्याचं दुखणं जिथून येतं, ते आपल्या हातानं उघडून साफ करावं लागतं.