उत्तर देणारा कोण

एका शहरात कार्डांचे व्यवहार सांभाळणारी एक कंपनी होती, आणि तिच्या वाटांवर लक्ष ठेवणारी एक वृद्ध विदुषी होती. वाटा म्हणजे इंटरनेटच्या. दुकानात कोणी कार्ड टेकवलं की त्याचा निरोप या वाटांनी जाई आणि होकार घेऊन परत येई. त्या विदुषीला सगळे ‘बाई’ म्हणत. भार्गव हा तिचा शिष्य. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे ठाऊक असलेला.

कंपनीचं एक राखीव केंद्र फार दूर, परमुलखात होतं. तिकडे दर क्षणी इकडून एक इवलासा प्रश्न जाई: आहेस का? तिकडून उत्तर येई: आहे. मग पडद्यावर हिरवा ठिपका उजळे. त्या दिवशी संध्याकाळी मुख्य केंद्र दुरुस्तीसाठी बंद व्हायचं होतं आणि राज्यभरातल्या कार्डांचे निरोप त्या राखीव वाटेने वळवायचे होते. वाट भरवशाची आहे, असा शब्द भार्गवने द्यायचा होता.

दुपारी मालक स्वतः आले. “काय भार्गव, तयारी?”

“पूर्ण, साहेब. उलट वाट सुधारलीय. हल्ली उत्तर निम्म्या वेळात येतं.”

“वा! काय केलंस?”

“काहीच नाही. आपोआप.”

कोपऱ्यात चहा घेत बसलेल्या बाईंनी कप खाली ठेवला. “आपोआप?” एवढंच म्हणाल्या आणि दूरच्या केंद्रातल्या माणसाला त्यांनी फोन लावला. “कोरगावकर, बाहेर जाणारी केबल उपटा. हो, आत्ता. आणि हातात धरून उभे राहा.”

“बाई, आज चेष्टा करायचा दिवस आहे का?” मालक ओरडले.

फोनवरून आवाज आला, “उपटली बाई. हातात आहे.”

पडद्यावर ठिपका हिरवाच होता. आहे. आहे. आहे.

“पडदा अडकला असेल,” भार्गव म्हणाला. त्याने स्वतःच्या हाताने प्रश्न टंकला. बोट उचलायच्या आत उत्तर आलं: आहे.

“बाई, ठेवू का खाली?” फोनवर कोरगावकर. “हात भरून आला.”

ही गोष्ट मी सांगितली की इथे थोडी भुताची होते. तो दोष बहुधा माझा. घरात लहान मूल असलं की माणूस रात्री-अपरात्री नको तिथे कान लावायला शिकतो. पण घडलं ते असंच. केंद्राची तार एका माणसाच्या मुठीत होती आणि केंद्राच्या नावाने कोणीतरी शांतपणे उत्तर देत होतं.

बाई म्हणाल्या, “या रस्त्यांवर कोणीही पाटी लावू शकतो की अमुक पत्ता माझ्याकडे आहे. शेजारची यंत्रं विश्वास ठेवतात आणि निरोप तिकडे वळतात. या उत्तर देणाऱ्याने आपल्या केंद्राची पाटी लावली आहे. आपले प्रश्न हा झेलतो, उत्तर देतो, उरलेलं पुढे ढकलतो, म्हणून कुठे काही चुकल्यासारखं वाटत नाही. पण ते केंद्र इतकं दूर आहे की तिथून एवढ्या लवकर उत्तर येऊच शकत नाही. उत्तर लवकर आलं, याचा अर्थ उत्तर देणारा जवळ आहे. तुला आनंद झाला, माझ्या अंगावर काटा आला. उत्तर येतं का, हे तू रोज पाहिलंस. कोणाचं येतं, हे नाही.”

“पण ओळखीची खूण तपासायची सोय आहे ना आपल्याकडे?” मालकांनी विचारलं.

भार्गवची मान खाली गेली. “मी फार आधीच बंद केली होती. वेळ खात होती. म्हटलं, राखीवच तर वाट आहे.”

“मग संध्याकाळचं काय? सगळीकडे कळवून बसलोय मी!”

भार्गवने बाईंकडे पाहिलं. त्या चहा पीत होत्या. हे उत्तर त्या देणार नव्हत्या.

“साहेब, दुरुस्ती पुढे ढकला,” तो म्हणाला. “मी शब्द देत नाही.”

मालक काहीतरी पुटपुटत खुर्चीत बसले. भार्गवने खूण तपासणं पुन्हा सुरू केलं. ठिपका विझला. विझलेल्या ठिपक्याकडे पाहून त्याला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचं नवलही.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. या खेपेला प्रश्न तिकडून आला होता, त्याच दूरच्या केंद्राच्या नावाने: आहेस का?

सवयीने भार्गवचं बोट कळीकडे गेलं. तिथेच थांबलं. मग त्याने सावकाश टंकलं: खूण दाखव.

काहीच आलं नाही.

“बाई,” फोनवरचा आवाज आता खाली आला होता, “मी काही विचारलेलं नाही हं. केबल अजून माझ्या हातात आहे.”

दाराआडून ‘मीच आहे’ असं ऐकू आलं की आपला हात कडीकडे जातो. तो हात थोडा अडवून ठेवण्याला भार्गव त्या दिवसापासून पहारा म्हणू लागला.