जाके आतूं

“‘जाते’ लिहायचं की ‘येते’, तेवढं सांगा बाबा. बाकी मला काही नको.”

गैबीशा फकीर दर्ग्याच्या ओट्यावर स्टोव्हला पंप मारत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आधी बस.”

“बसायला आलो नाही मी.”

“मग तिला तरी बसू दे.”

मी मागे वळलो. पायऱ्या रिकाम्या होत्या. उन्हात एक शेळी तेवढी पडली होती...

मी बसलो.

रत्नाताई, माझी थोरली बहीण, एम.ए.च्या प्रबंधासाठी या फकिराची दखनी गाणी मराठीत आणत होती. रविवारी इथं यायची. बाबा गायचे, ती लिहायची. गेल्या महिन्यात विद्यापीठातून परत येताना तिची एसटी घाटात कोसळली.

शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ राहिली. ती भरली तर प्रबंध तिच्या नावानं ठेवून घेऊ, असं तिचे सर म्हणाले. मी सहावीत शाळा सोडलेली. पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. पण ताईचं एवढं काम मला करायचं होतं.

गाण्यात रूह देह सोडते, आणि त्या देहाच्या घराला सांगते, ‘जाके आतूं.’ जाऊन येते, दखनीत निघताना म्हणतात तसं.

“सर म्हणतात, मेलेलं माणूस परत येत नाही. सरळ ‘जाते’ लिही.”

“आणि बेटी?”

“तिनं ‘जाते’ लिहून खोडलं. मग ‘येते’ लिहिलं. तेही खोडलं.”

बाबा हसले. “कागद फाटेल म्हणायचो मी तिला.”

त्यांनी तीन कपांत चहा ओतला. एक स्वतःला, एक मला. तिसरा माझ्या शेजारी, मोकळ्या जागेपुढे ठेवला.

मी त्याच्याकडे हात नेला.

“तो नको. बिनसाखरेचा आहे.”

ताई बिनसाखरेचा घ्यायची.

“थट्टा करू नका,” मी म्हणालो. “तुमच्या या गाण्यांपायी गेली ती.”

“गेली...?” बाबांनी विचारलं. “त्या सकाळी दारातून निघताना काय म्हणाली?”

“काय म्हणणार? सगळे म्हणतात तेच. येते रे.”

“तू काय म्हणालास?”

“ये.”

बाबांनी स्टोव्ह बंद केला.

मग जे कुणाला सांगणार नव्हतो, ते तोंडातून निघून गेलं. “तेराव्यापासून रोज दिवेलागणीला दाराची कडी वाजते. तिच्या एसटीच्या वेळेला. आई भिते. म्हणून मी आतून कुलूप घालतो.”

माझ्या चहावर साय धरली होती. त्यांच्याही. तिसऱ्या कपावर नव्हती.

कागद उचलून मी ताडकन उठलो.

“तुम्हाला सांगायचंच नाही. जातो मी.”

बाबांचा हात एकदम माझ्या तोंडावर आला. थंड, राखेचा वास असलेला. माझ्या मागे, पायऱ्यांकडे बघत त्यांनी तो तसाच दाबून धरला...

मग हात निघाला.

“येतो,” मी म्हणालो.

“या, दोघंही या,” बाबा म्हणाले. “पण आज लवकर पोच. किल्ली तुझ्याकडं आहे.”