रूपखिंड आणि कुंभाराची म्हैस

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा म्हशी बोलायच्या आणि माणसं निदान ऐकून तरी घ्यायची.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात एक साळीण राहायची, तिला सगळे चिमाकाकू म्हणत. तिच्या मागाजवळची खिडकी थेट शेजारच्या कुंभाराच्या परसात उघडायची. आता खिडकी उघडी म्हटल्यावर कान काय बंद ठेवायचे? एका सकाळी चिमाकाकू लुगडं विणत बसली होती, तोच परसातून कुंभाराच्या सुनेचा, हौसाचा आवाज आला. हौसा म्हशीला धूत होती आणि धुता धुता तिच्याशी बोलत होती.

"चांदे, यंदा जर डाग लागला ना, तर खिंडीतून मी घरी परत येणार नाही बघ. मी सरळ…"

आणि नेमकं तेव्हाच पलीकडं कुंभारानं मडकं थापायला घेतलं. थप, थप, थप! पुढचं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

बायांनो, अर्धी बातमी म्हणजे काय असते, ते तुम्हाला मी कशाला सांगू? पुरी बातमी पोटात राहील एक वेळ, अर्धी राहायची नाही. चिमाकाकूनं माग सोडला, रिकामी घागर उचलली आणि पाणवठा गाठला. सांज व्हायच्या आत गावानं हौसाचं वाक्य पुरं करून टाकलं. एक म्हणाली, ती सरळ माहेरी पळणार. दुसरी म्हणाली, जोगीण होणार. तिसरीनं तर आवाज खाली आणून सांगितलं, "सरळ कड्यावरून उडी घेणार, माझं ऐका."

पण डाग कसला आणि खिंड कुठली, ते सांगायला हवं.

डोंगरावर देवीचं देऊळ होतं. देवळाच्या वाटेवर, कड्याच्या जवळ, दोन उभे दगड होते, पुरुषभर उंच, आणि त्या दोघांमध्ये एक अरुंद फट. तिला म्हणायचे रूपखिंड. जत्रेच्या सकाळी गावची मानकरीणबाई त्या दगडांना आतून ओली काव, म्हणजे तांबडी माती, फासायची. लाल, ताजी, हात लावला की उठेल अशी. मग गावातल्या सुनांनी आणि लग्नाच्या पोरींनी दोन्ही हातांत ओटीचं ताट धरून त्या फटीतून सरळ जायचं. आडवं व्हायचं नाही, अंग चोरायचं नाही. लुगड्याला लाल ठिपका लागला नाही, तर मानकरीणबाई ओरडायची, "निर्मळ!" आणि कपाळाला मळवट भरायची. लागला, तर ओरडायची, "डाग!" डाग लागलेलीनं आरतीला मागं उभं राहायचं, आणि पुढच्या जत्रेपर्यंत तिचं नाव गावानं विसरायचं. तिला म्हणायचं 'डागाची'.

ही रीत कुणी घातली, कशासाठी घातली? कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर उत्तर एकच, "पूर्वापार आहे."

घराघरात चुलीजवळच्या खुंटीला खिंडीच्या मापाची दोरी लटकलेली असायची. बाया दिवेलागणीला ती कमरेला लावून बघायच्या. जत्रा जवळ आली की गावातल्या भाकऱ्या पातळ व्हायच्या आणि भांडणं जाड व्हायची. आया आपल्या हातानं पोरींच्या पुढचं ताट ओढून घ्यायच्या. आणि ते प्रेमानंच बरं का! "डागाची म्हणवून घेशील, त्यापेक्षा उपाशी राहा माझे बाई."

हौसा या गावात लग्न होऊन आली, तेव्हा अशी नव्हती. मातीत उभी राहून चिखल तुडवायची आणि तुडवता तुडवता गायची. पोटऱ्या भक्कम, आवाज त्याहून भक्कम. गल्लीतली पोरंटोरं ऐकायला परसात जमायची. भाकरीवर ठेचा घेऊन अशी चवीनं जेवायची, की बघणाऱ्याला भूक लागावी.

मग जत्रा आली. हौसा खिंडीतून गेली आणि दोन्ही कोपरांना लाल पट्टे घेऊन बाहेर पडली. "डाग!" झालं. गाणं त्या दिवशी जे थांबलं, ते थांबलंच. एका भाकरीची अर्धी झाली, अर्धीची चतकोर झाली. पाणी शेंदताना ती डोळे मिटून घ्यायची, का तर पाण्यात आपण दिसू नये. भर उन्हात पदर अंगाभोवती गच्च. पायांत जोर उरला नाही, त्यामुळे मातीत खडे राहायला लागले आणि भट्टीत मडकी तडकायला लागली.

नवरा म्हणायचा, "अगं, मला तर तू चिखल तुडवताना गायचीस ना, तेव्हाच…"

"राहू द्या. मन राखायला बरं जमतं तुम्हाला."

सासूला पण दिसत होतं. पण सासू होती निर्मळ! तरुणपणी दर जत्रेला एक ठिपकाही न लावून घेता गेलेली. ती म्हणायची, "आम्ही नाही का गेलो? जरा मन मारावं लागतं, दुसरं काय." आणि गंमत बघा, आता तिला खिंडीतून कुणी जायला सांगत नव्हतं, तरी दिवेलागणीला तिचा हात खुंटीकडं जायचाच.

जत्रेचा दिवस उजाडला. इकडं चिमाकाकूनं बातमी सगळ्या गावाला वाटली खरी, पण पोरीनं खरंच कड्याकडं धाव घेतली तर? तिनं पदरात गुळपोळी बांधली आणि बरोब्बर हौसाच्या मागं रांगेत उभी राहिली. तिचं वय काही रांगेत उभं राहायचं नव्हतं. एकीनं टोमणा मारलाच, "काय चिमाकाकू, पुन्हा लगीन करताय का?"

"तुझ्या सासऱ्याला विचारून सांगते," चिमाकाकू म्हणाली आणि हौसाच्या पदराचं टोक हळूच मुठीत धरून ठेवलं.

चांदी म्हैससुद्धा मागं मागं आली होती. चांगली म्हातारी, कपाळावर पांढरा ठिपका. तिला कुणी हटकलं नाही. म्हैस जत्रेला आली तर येईना का, खिंडीपुढं थोडीच जाणार होती!

रांग सरकत हौसापाशी आली. तिनं ताट धरलं, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. आणि मधोमध तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ताट खाली पडलं, कुंकू सांडलं, नारळ घरंगळत गेला. पडू नये म्हणून तिनं दोन्ही हात दगडांवर टेकले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल!

"डाग!" मानकरीणबाई ओरडली. "डाग! डाग! हो बाहेर, मागं रांग थांबलीय."

हौसा हलेना. ती कड्याच्या दिशेनं बघत होती. चिमाकाकूनं तिचा पदर दोन्ही हातांनी ओढून धरला आणि बोंब मारली, "अगं, कुणीतरी बोला हिच्याशी!"

तेव्हा चांदी बोलली.

"हौसे, ही फट तुझ्यासाठी नाहीच गं. माझ्यासाठी आहे."

सगळी जत्रा मागं वळली.

चांदी पुढं आली. "आमच्या गोठ्यात ही गोष्ट आईनं रेडकाला सांगायची असते, म्हणून मला ठाऊक. वर देवीच्या मळ्यात झेंडू फुलतो आणि गवत गुडघाभर वाढतं. माझी खापरपणजी मोठी खादाड. एका जत्रेला ती गुपचूप वर चढली आणि देवीचा सगळा नैवेद्य हारांसकट फस्त करून खाली आली. मग तुमच्या वाडवडलांनी हे दोन दगड रोवले. माणूस जाईल, म्हैस जाणार नाही, एवढ्याच बेतानं. आमच्या पोटाचं माप घेऊन रोवले, बायांनो! पुढं म्हशींनी वर जायचा नाद सोडला आणि बायांनी तो धरला."

"हॅ!" मानकरीणबाई म्हणाली. "एका जनावराचं ऐकून रीत मोडायची?"

"बोलणाऱ्या म्हशीचं नका ऐकू खुशाल," चांदी म्हणाली. "पण मुक्या दगडाचं इतकी वर्षं ऐकलंतच की. आणि खोटं वाटत असेल, तर कमरेखालची काव खरवडून बघा."

चिमाकाकूला एवढंच हवं होतं. तिनं बसकण मारली आणि हातातल्या बांगडीनं काव खरवडायला सुरुवात केली. आत दगड कसा निघाला? तेलपाणी दिल्यासारखा गुळगुळीत! पिढ्यान्‌पिढ्या आत घुसू बघणाऱ्या म्हशींनी अंग घासून घासून केलेला. त्यावर शिंगांचे ओरखडे. बघायला बायांची झुंबड उडाली. "अगं बाई, खरंच की!" "हे बघ शिंग, हे बघ!" "सरक ना जरा, मला दिसू दे!"

हौसाची सासू मात्र जागच्या जागी उभी होती. ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी… सगळा जन्म… म्हशीच्या मापानं?"

आणि तिला हसू फुटलं. असं हसू, की ती खाली बसली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मग कळेना हसतेय का रडतेय. "उभ्या जन्मात मी पोटभर पुरणाची पोळी खाल्ली नाही गं! निर्मळ म्हणवून घेतलं आणि रोज संध्याकाळी भ्याले. उद्या कुणी म्हणेल, हिचं माप सुटलं. नुसती भ्याले."

ती उठली, खिंडीत शिरली आणि हौसाच्या शेजारी उभी राहून आपली दोन्ही कोपरं दगडावर खसाखसा घासली.

"आत्याबाई, डाग!" हौसा घाबरून म्हणाली.

"लागू दे. मला पण कळू दे, कसा लागतो." सासूनं तिचा लाल हात आपल्या लाल हातात धरला. "पोरी, मी बघत होते आणि गप्प होते. चिखलात गाणारी सून मी माझ्या हातानं वाळवली."

हौसा मग रडली. वर्षभराचं रडली. चिमाकाकूनं आपल्या पदराची गाठ सोडली आणि गुळपोळीचा तुकडा तिच्या तोंडात घातला. हौसानं तो खाल्ला, आणि आणखी मागितला.

मग काय विचारता! सगळ्या बायांनी काव ओंजळीत घेतली आणि एकमेकींच्या पाठीला, गालाला, नाकाला फासली. दुपारचा नैवेद्य सकाळीच उघडला गेला. मानकरीणबाई तेवढी एका बाजूला उभी होती. शेवटी ती चांदीच्या कानाशी गेली. "काय गं, देवी रागावणार तर नाही?"

"बाई, देवीला हात किती?"

"आठ."

"मग ती तरी या फटीतून निघाली असती का?"

मानकरीणबाईनं एक पुरणपोळी चांदीपुढं धरली आणि दुसरी आपल्या तोंडात कोंबली.

खिंड अजून तिथंच आहे. दगड कुणी पाडले नाहीत, कारण झेंडू अजून फुलतो आणि म्हशी अजून खादाड आहेत. पण आता तिला म्हैसखिंड म्हणतात, आणि जिला जसं जायचं तसं ती जाते, आडवी, तिरकी, नाहीतर पाठमोरी. दोऱ्या बायांनी वासरांना बांधायला काढल्या. एका दिवसात सगळं बदललं, असं मात्र मी म्हणणार नाही. कितीतरी जणींचा हात दिवेलागणीला रिकाम्या खुंटीकडं पुढंही जात राहिला. मनात रुतलेलं माप दगडापेक्षा जड असतं, ते हळूहळूच हलतं.

आणि ती बातमी? तुम्ही म्हणाल, शेवटी खोटीच ठरली ना. तसं नाही बरं! हौसा त्या दिवशी खिंडीतून घरी परत आली नाही, हे अगदी खरं. सासूनंच तिचा हात धरला आणि म्हणाली, "आज घरी नको. चल, डोंगर उतरून तुझ्या आईकडं जाऊ. तिनं भक्कम पोर दिली होती, तिला तोंड दाखवायला हवं मला." दोघी पलीकडच्या वाटेनं माहेरी गेल्या. हौसा परत आली ती चांगली सुगी उरकल्यावर, गाल भरून, डोक्यावर लाडवांचा डबा घेऊन आणि गात.

पण ती खरोखर कुठं जाणार होती, 'मी सरळ' च्या पुढं काय होतं, ते कुणालाच कळलं नाही. चिमाकाकूनं चांदीला खूप खोदून विचारलं. चांदीनं ते अर्धं वाक्य रवंथ करून कधीच पचवलं होतं.

तात्पर्य : माप कुणी आणि कशासाठी केलं, हे विचारल्याशिवाय त्यात आपल्या लेकीसुनेला उभं करू नये, आणि स्वतःलाही नाही.