गावातलं सगळ्यात नवं बाळ

"म्हणजे बाळ द्यायचं नाही, असंच ना बाई?"

सिलास बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभा होता. अंगात नवा पांढरा झगा, काखेत बायबल. आज नाताळ, आणि देवळात त्याचा पहिलाच उपदेश.

सगुणाबाईंनी शेगडीला फुंकर घातली. चाळीस वर्षं गावातली बाळंतपणं त्यांनीच केली होती. सिलासला बायबलातलं पहिलं वचन पाठ करायला लावलं तेही त्यांनीच.

त्या गावात नाताळच्या सकाळी देवळातल्या गव्हाणीत बाळ येशू म्हणून बाहुली ठेवत नसत. गावातलं सगळ्यात नवं बाळ ठेवत. यंदाचं पहाटेच जन्मलं होतं. जयवंतीच्या पोटी, दीड महिना आधी.

"दहाच मिनिटं, बाई. तापाच्या साथीत नऊ माणसं गेली. लोक खचलेत. त्यांना आशा दिसायला पाहिजे."

भिंतीकडे तोंड करून पडलेली जयवंती म्हणाली, "गेल्या नाताळाला दिसली होती की. माझंच बाळ होतं ते."

सिलासला आठवलं. झेंडूच्या माळा, गाणी, बायकांचे भरून आलेले डोळे... आणि चौथ्या दिवशी एवढीशी पेटी.

"ती देवाची इच्छा..."

"गवत ओलं होतं," सगुणाबाई म्हणाल्या. "मीच ठेवलं होतं त्याला. या हातांनी."

त्या उठल्या.

"इकडे ये. झगा काढ."

"आत्ता? बाई, घंटा होईल..."

"देवदूतासारखा नटलायस. काढ. सदराही काढ."

त्यानं काढला. थंडीनं अंगावर काटा आला. बाईंनी बाळ उचललं आणि त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं. मूठभर जीव. ओठ निळसर.

"आईला हुडहुडी भरलीय. माझ्या अंगात आता ऊब राहिली नाही. तूच आहेस."

मग एक जुनं लुगडं त्यांनी दोघांभोवती घट्ट गुंडाळलं.

घंटा झाली. सिलासला सगळं देऊळ डोळ्यांपुढे दिसलं. भरलेले बाक, त्याची वाट बघणारे पाळकसाहेब.

"बाई, मी गेलो नाही तर लोकांना सांगणार कोण?"

"काय सांगायचं होतं?"

"की नवं बाळ म्हणजे..."

छातीवरची ती बारीक हालचाल थांबली होती.

"बाई! श्वास..."

"पाठ चोळ."

तो चोळू लागला. घंटा थांबली. जयवंती वळली, पण बाळाकडे नाही, सिलासच्या हाताकडे बघत राहिली.

किती वेळ गेला, कोण जाणे...

मग एक उचकी लागल्यासारखं झालं. बाळानं तोंड उघडलं. मांजरीच्या पिलाएवढा आवाज.

सिलासचे डोळे वाहत होते. पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाई... जगेल ना हे?"

सगुणाबाईंनी शेगडीत दोन कोळसे सारले.

"हात काढू नकोस."