दातात धरलेली दोरी

खाडी होती, खाडीला मातीचा बांध होता, बांधात पाणी काढून द्यायची उघाडी होती आणि बांधाच्या आडोशाला कोपरपाडा नावाचं गाव होतं. गावात हसुराम होता, त्याची बायको चांगुणा होती, आणि बांधावरच्या खोपटात एकटे जोमाबाबा होते. चौथं माणूस यायचं होतं. पण ते येईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"बाबा, कनची काठी घेऊ?"

हसुराम खोपटाच्या दारात उभा होता. जोमाबाबा पागाचं जाळं विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला?"

"जिताड्याला."

"तुझ्याकडं तर मुंबईच्या काठ्या हायेत म्हणे. रीळवाल्या."

तीन दिवसांत तीन जिताडे हसुरामच्या गळाला लागले होते आणि तिन्ही सुटले होते. गावाला हे ठाऊक होतं. गावाला काय ठाऊक नसतं!

"काठ्यांचं मला समदं समजतं," तो म्हणाला. "तिवरांच्या मुळांत मासा घुसतो, तिथं ताठ काठी. बांधावरनं दूर फेकायचं, तिथं लांब काठी. उघाडीच्या तोंडाशी जिवंत कोळंबी लावायची, तिथं मऊ काठी. पाठ हाय मला."

"मंग?"

"मंग... मासा सुटतो."

"पाठ केलेलं माशाला सांगितलंस का?"

दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर हसुराम पाय आपटत निघून गेला असता. इतका ताठ गडी. पण आज गेला नाही, कारण घरी चांगुणा होती.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोनदा आशा लागली, दोन्ही वेळा पाळणा बांधायच्या आधीच सगळं आटोपलं. आता तिसऱ्यांदा सहावा महिना लागला होता, आणि बाईच्या पोटात काही ठरत नव्हतं. पेज नको, भाकरी नको. भिंतीला पाठ लावून नुसती बसून असायची. एकदाच म्हणाली होती, "आईच्या हातचं असायचं तसं जिताड्याच्या डोक्याचं कालवण मिळालं तर दोन घास जातील. खाडीतला हवा हं. तळ्यातल्याला चिखलाचा वास येतो."

तेवढं ऐकलं आणि हसुराम धावत सुटला. सकाळी काठी घेऊन जायचा, दुपारी मोकळा परत यायचा, आणि ताट पुढं ढकलून ओरडायचा, "खा! त्या जिवाकडं बघ जरा. खा म्हणतो ना!"

बायांनो, नवऱ्याचा राग म्हणजे पुष्कळदा नुसती भीतीच असते. पण ऐकणारीला रागच ऐकू येतो. चांगुणा भिंतीकडं तोंड करायची. तिसऱ्या दिवशी मात्र ती बोलली, "मासा नाय तर नाय. तुमचं ते रीळ टाकू का कालवणात?"

हसुरामला हसू आलं नाही. तो उठला आणि थेट बांधावर आला.

जोमाबाबांनी पाग बाजूला ठेवला. कुडाला टेकवलेल्या दोन काठ्या घेतल्या, एक जाड, ताठ, दुसरी बारीक, हिरवट वेळूची. ताठ काठीच्या दोरीचा गळ त्यांनी सोडवला आणि टोकाला गाठ मारली.

"धर."

हसुरामने हात पुढं केला.

"हातात नाय. दातात."

"काय?"

"माशाला हात असतात का?"

हसुरामने इकडंतिकडं पाहिलं. बांधावर कुणी नव्हतं. त्याने गाठ दातांत धरली.

"डोळे मीट."

मिटले. आणि जोमाबाबांनी असा हिसका दिला की गाठ सटकन सुटली आणि हसुराम तोंड धरून खालीच बसला.

"दात पडला असता, बाबा!"

"तू काय केलंस?"

"सोडली! दुसरं काय करनार?"

"हं."

बाबांनी दुसरी काठी घेतली. तशीच गाठ, तसाच हुकूम. हसुरामने गाठ दातांत घट्ट धरली, हिसक्याची वाट पाहत मान आखडून उभा राहिला.

हिसका आलाच नाही. दोरी जरा ताणली, पुन्हा सैल पडली. पुन्हा ताणली. तो मागं सरला तर काठी वाकून त्याच्याबरोबर आली. तो थांबला तर तीही थांबली...

डोळे उघडले तेव्हा तो चार पावलं पुढं येऊन बाबांच्या समोर उभा होता.

"कुणी आनला तुला हितवर?"

हसुरामने गाठ हातात काढली.

"कुणी नाय," तो म्हणाला.

बाबांनी गळ पुन्हा बांधून दिला आणि वेळूची काठी त्याच्या हातात ठेवली. सोबत आले नाहीत. म्हणाले, "ओहोटी लागलीय."

उघाडीतून बांधाआतल्या खाजणाचं पाणी खाडीत पडत होतं. हसुरामने कोळंबी शेपटीकडून गळाला लावली, म्हणजे तिचा जीव जात नाही, आणि पाण्यात सोडली. जिताडा लागला तो नेहमीसारखाच, दगड पडल्यासारखा. हसुरामचे हात सवयीने वर उठले... आणि अर्ध्यावरच थांबले.

मासा तिवरांकडं निघाला. हसुराम बांधावरून त्याच्यासंगं निघाला. मासा थांबला, तो थांबला. काठी वाकून कोयतीसारखी झाली, मोडली नाही. असं येरझाऱ्या घालत ऊन कलायला आलं. शेवटी जिताडा दमून उथळ पाण्यात आडवा झाला. चांगला हाताएवढा लांब! हसुरामने गुडघाभर चिखलात उतरून त्याला दोन्ही हातांनी उचललं.

कालवण त्यानेच केलं. चिंच जरा जास्त पडली. ताट वाढून चांगुणासमोर ठेवलं.

तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

हसुरामच्या ओठांवर आलं होतं, "खा!" गळ्याच्या शिरा फुगल्यासुद्धा होत्या. पण तो शब्द त्याने गिळला. ताट जरा मागं ओढलं आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. एक एक काटा काढून ताटाच्या कडेला लावत राहिला. तिच्याकडं बघितलंही नाही.

चूल विझत आली...

"तीन दिस कुठं होता?" चांगुणाने विचारलं.

"बांधावर."

"त्याच्या आधी? त्या दोन्ही वेळा?"

बघता बघता त्या एवढ्या मोठ्या गड्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला लय भ्या वाटतंय गं," तो म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

चांगुणाने त्याच्याकडं पाहिलं. मग हात पुढं केला आणि ताट आपल्याकडं ओढलं.

"चिंच किती टाकलीत हो," ती म्हणाली. आणि जेवली. रात्रभर पोटात ठरलं, सकाळी तिने भाकरी मागितली.

नवव्या महिन्यात, भरतीच्या वेळेला, मुलगी झाली. रडली ती अशी की पार उघाडीपर्यंत ऐकू गेलं. ज्या घराला नऊ वर्षं पाळणा मिळाला नव्हता, त्या घरी बाराव्या दिवशी पाळणा हलला, आणि कोपरपाड्याच्या बायका घसा बसेस्तोवर गायल्या.

जोमाबाबा कुणाच्या कार्याला जात नसत. त्या दिवशी आले. पागाचं काम अर्धं टाकून आले, असं सांगून दारातच टेकले, आणि लगेच निघतो म्हणाले.

चांगुणाने पोर आणून त्यांच्यासमोर धरली. बाबांनी गालाला लावायला बोट पुढं केलं, तर पोरीने ते मुठीत पकडलं.

बाबा थांबले.

एक घटका झाली. ऊन उंबऱ्यावरून आत आलं. पोर झोपली, पण मूठ काही उघडेना. हसुराम ओशाळला, पुढं होऊन म्हणाला, "बाबा, तुमचं काम खोळंबलं असंल. सोडवू का?"

"राहू दे," जोमाबाबा म्हणाले. "मला कुठं जायचंय?"