गेनबाच्या गाठी आणि आण्णांची गाडी

एका गावात गेनबा नावाचा एक भोळा गाडीवान होता. वीस वर्षं त्यानं दौलत आण्णांची बैलगाडी हाकली. बैलांना गेनबा कळायचा, गेनबाला बैल कळायचे. माणसांचं तेवढं अवघड जायचं. म्हणजे सांगितलेलं त्याला कळायचं, पण सांगितलेलंच कळायचं.

त्या साली आण्णांच्या शेतातल्या आल्याला असा भाव आला, की आण्णा थेट पुण्याला जाऊन गाडी घेऊन आले. साधीसुधी नव्हे. काळीभोर, लांबलचक, आत सायीच्या रंगाच्या चामडी सीटा. दार लावलं तरी आवाज नाही, सुरू केली तरी आवाज नाही. उभ्या जागेवरून चार सेकंदांत शंभरचा वेग घेते, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि आण्णा ते रोज पारावर सांगायचे. गावात शंभरनं जायला रस्ता नव्हता, ही गोष्ट वेगळी.

गेनबा त्या गाडीवर भाळला. आण्णांचा ट्रॅक्टरही तोच चालवायचा, त्यामुळे परवाना होताच. आठ दिवसांवर आण्णांच्या लेकीचं, सुगंधाचं लग्न होतं.

"आण्णा, नवरदेवाला म्या आणणार ह्या गाडीतनं."

"आण. पण सांगीन तेवढंच करायचं. घोळ घातलास तर पुन्हा बैलांकडं."

गेनबा खूश झाला. आयुष्यभर त्यानं सांगितलं तेवढंच केलं होतं.

"आधी गाडी सावलीत लाव," आण्णा म्हणाले.

गावात सगळ्यात दाट सावली गोठ्यात. गेनबानं गाडी गोठ्यात लावली. संध्याकाळपर्यंत म्हशीनं तिच्यावर पाठ खाजवून घेतली, आणि आरसा चाटून चाटून लख्ख केला.

आण्णांनी कपाळ बडवलं. "अरे, गाडीपासून सगळ्यांना चार हात लांब ठेवायचं असतं!"

"व्हय आण्णा." गेनबानं खांद्यावरच्या टॉवेलाच्या एका टोकाला गाठ मारली. विसरायला नको.

दुसऱ्या दिवशी व्याही येणार होते. आण्णांनी गेनबाला फाट्यावर पाठवलं. व्याही एसटीतून उतरले, गाडी बघून हरखले, दाराला हात घालणार एवढ्यात गेनबा ओरडला, "चार हात लांब!"

"आणि यायचं कसं?"

"या की मागनं. म्या हळू चालवतो."

दीड मैल गाडी पुढं आणि फेटा बांधलेले व्याही मागं, भर उन्हात. चालता चालता ते आपल्या भावाला म्हणाले, "यांच्या गावात अशीच पद्धत दिसतीय."

आण्णांनी व्याह्यांना तीन वेळा ताक पाजलं आणि मग गेनबाला बाजूला घेतलं. "अरे बावळटा, आलेल्याला नमस्कार करायचा, दार उघडायचं, मऊ सीटवर बसवायचं, गार हवा फुल्ल सोडायची!"

"व्हय आण्णा." दुसरी गाठ.

तिसऱ्या दिवशी आक्कांनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनं, त्याला गिरणीतून लग्नाची हळद आणायला धाडलं. हळद पाटीत भरून बाहेर आली. गेनबानं तिला नमस्कार केला. दार उघडलं. मऊ सीटवर बसवली. गार हवा फुल्ल सोडली.

घरी आल्यावर दार उघडलं, तेव्हा आधी पिवळा ढग बाहेर आला, मग गेनबा. पाटी रिकामी होती. आक्कांनी दाराच्या चौकटीला धरून बसकण मारली.

"अरे, हळद लागलेलं काहीही आत घ्यायचं नाही!" आण्णांचा आवाज चिरकला. "ते पुढं बॉनेटवर ठेवायचं! सीट पुसायला चार बायका लागतील आता!"

"व्हय आण्णा." तिसरी गाठ.

आण्णांनी त्याच दिवशी तालुक्याला दुसरा ड्रायव्हर शोधून पाहिला. लग्नसराई. एकही मोकळा नव्हता. गेनबानं रात्री मारुतीला नारळ फोडला.

लग्नाचा दिवस उजाडला. नवरदेव मारुतीच्या पाया पडून मंडपात यायचा होता. त्याचं नाव धैर्यशील. तो देवळातून बाहेर आला आणि गेनबानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मान पिवळी, हात पिवळे, कानामागं पिवळं.

"आत न्हाई बसायचं. बॉनेटवर बसा."

धैर्यशीलनं वडिलांकडं पाहिलं. वडील हळूच म्हणाले, "बस बाबा. यांच्या गावची पद्धत आहे. मला तर चालवत नेलं होतं."

नवरदेव बॉनेटवर बसला. एवढ्यात आण्णांचा फोन आला. "गेनबा, मुहूर्ताला दोन मिनिटं राहिली! बैलगाडी हाकल्यासारखी हाकू नको, दाब! आणि मंडपाच्या दारात जाग्यावर थांबव!"

गेनबानं दाबली. मग जाग्यावर थांबवली.

गाडी थांबली. नवरदेव थांबला नाही. मांडवातल्या गाद्यांवरून घसरत तो सरळ अंतरपाटात शिरला, आणि अंतरपाटात गुंडाळलेला सुगंधाच्या पायाशी येऊन थांबला. मुहूर्त अगदी बरोबर साधला होता. भटजींचं 'सावधान' अजून तोंडातच होतं.

नवरी खो खो हसली. तिनं तशीच माळ घातली, म्हणून निभावलं. आण्णांचा राग मात्र उतरला नव्हता. जेवणं झाली, उन्हं कलली, पाठवणीची वेळ झाली तसा त्यांनी गेनबाचा कान धरला.

"शेवटचं सांगतो. चुकलास तर तोंड दाखवू नको. जावयांना आत बसवायचं, पट्टा बांधायचा, मागं न बघता थेट त्यांच्या दारात न्यायचं. आणि माप ओलांडून झालं की मगच मला फोन करायचा. त्याआधी एक शब्द नको!"

"व्हय आण्णा." चौथी गाठ. टॉवेलाची टोकं संपली.

दारात सुगंधा आईच्या गळ्यात पडली. आक्का रडल्या, आण्णा रडले, व्याहीसुद्धा रडले. सगळं गाव डोळे पुसत होतं. डोळे पुसून पाहिलं, तर दारात गाडी नव्हती. आवाज नाही, धूळ नाही. नवरी मात्र तिथंच होती.

आण्णांनी फोनवर फोन केले. गेनबा उचलेना. त्याआधी एक शब्द नको म्हणून सांगितलं होतं. तासाभरानं त्याचाच फोन आला.

"आण्णा, जावई पोचलं. लई वरडत हुतं, राहिली राहिली म्हणून, पर म्या मागं बघितलं न्हाई."

"अरे गाढवा, सुगंधा हितं आहे!"

"असंल की. तिचं काय सांगितलं न्हवतं तुम्ही."

आण्णांनी फोन आपटायला हात उचलला. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"गेनबा... तू फोन कसा केलास? माप कुणी ओलांडलं?"

"तीच पंचाईत झाली बघा. दारात माप भरून ठेवल्यालं, जावयाची आई आरती घिऊन उभी, अन् वलांडायला कुणीच न्हाई. त्याबिगर फोन करू नको म्हणला हुता. मग म्याच वलांडलं."

पलीकडून कपाळ बडवल्याचा आवाज आला. तसा गेनबानं त्यांना धीर दिला.

"उजव्या पायानंच, आण्णा."